भांडी वाजली की ओ द्यायची

आमच्या ऑफिसात मला पाठीमागे ‘वॉर्निंगबाई’ म्हणतात. आपण पाठीमागे म्हणतो असं त्यांना वाटतं. प्लायवुडच्या पार्टिशनचं ऑफिस आहे, सगळं ऐकू येतं. शिरवळजवळची आमची छोटी कंपनी दूध थंड ठेवण्याच्या टाक्यांना लागणारे कंट्रोल बोर्ड बनवते, आणि त्या बोर्डांत चालणारा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. टाकीतलं दूध किती गार आहे ते बघायचं, कॉम्प्रेसर चालू करायचा, बंद करायचा. सांगायला एवढंच आहे. पण त्यात चूक झाली तर एखाद्या गावाचं सगळं दूध नासतं आणि त्या गावात आमच्या माणसाला नंतर कुणी चहासुद्धा विचारत नाही.

प्रोग्राम लिहून झाला की तो कंपायलरकडे जातो. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाष्या. त्याला धडधडीत चूक दिसली तर तो अडून बसतो. पण नुसता संशय आला तर तो एक ओळ छापतो, वॉर्निंग देतो, आणि आपलं काम करून मोकळा होतो. ‘ही किंमत भरायच्या आधीच तुम्ही वापरताय’, ‘ही ओळ कधीच चालणार नाही’, असं काहीबाही. त्याच्या जोडीला आमच्याकडे आणखी एक टूल आहे. ते प्रोग्राम चालवत नाही, नुसतं वाचतं, आणि पुढे कुठे काय बिघडू शकेल ते सांगतं. दोघांचा मिळून रोज सकाळी एक लांबलचक रिपोर्ट येतो. तो शेवटपर्यंत वाचणारी ऑफिसात मी एकटीच होते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर मिरजेकडचा एक सहकारी बसतो. हुशार माणूस, हात भरभर चालतो, आणि बोलायला लागला की हसून हसून पोट दुखतं. पण रिपोर्ट समोर धरला की त्याचं एकच वाक्य ठरलेलं असायचं. ‘मॅडम, ते नेहमीचंच हाय.’ या वाक्यानं माझं डोकं फिरायचं. नेहमी येतं म्हणून खोटं असतं का, असं मी विचारायचे, आणि तेही अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात. मग तो कान धरायचा, ‘चुकलं, मॅडम’ म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा म्हणायचा.

एकदा मात्र मी जिंकले होते. त्यानं ‘खोटा इशारा’ असा शिक्का मारून बाजूला ठेवलेली एक वॉर्निंग मी उघडून बघितली. लाइट जाऊन परत आली की टाकीचं तापमान मोजायच्या आधीच प्रोग्राम ते वाचत होता, म्हणजे मनाला येईल तो आकडा धरून चालत होता. बोर्ड अजून टेबलावरच होता, बाहेर गेला नव्हता, त्यामुळे कुणाचं थेंबभर दूधही नासलं नाही. पण त्या दिवसानंतर मी नियम करून टाकला. एक जरी वॉर्निंग असली तरी प्रोग्राम पुढे जाणार नाही. आणि ‘नेहमीचंच हाय’ म्हणणाऱ्याला मी तोंडावर ‘बेजबाबदार’ म्हणायला लागले.

ही गोष्ट मी माहेरी गेले की रंगवून सांगायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, मन लावून ऐकायचे. आई चुलीपाशी असो की गॅसपाशी, तिथूनच म्हणायची, ‘आवं, जावईबापू फौजेत हायती म्हणून वाचलं. हितं असतं तर हिनं त्यास्नी दिवसातनं धा येळा वॉर्निंग दिली असती.’ माझा नवरा तेव्हाही लांबच्या पोस्टिंगवर होता आणि आजही आहे. साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहायचे आणि कंपनीच्या गाडीने शिरवळला जायचे.

माझं माहेर कोयनानगरजवळ. आप्पा धरणाच्या वीजगृहात फिटर होते. निवृत्त झाल्यावर वसाहतीतली खोली सोडून जवळच्याच गावात दोन खोल्या बांधून राहिले. तिथे जमीन हलते. पेपरात मोठ्या अक्षरांत छापून येण्याएवढी क्वचितच, पण मांडणीतली भांडी वाजतील, पेल्यातलं पाणी थरथरेल एवढी कितीतरी वेळा. पाहुणे घाबरून अंगणात पळतात. आम्ही हातातला घास आधी तोंडात घालतो. आप्पांच्या लहानपणी तिथे मोठा भूकंप झाला आणि त्यात त्यांचं घर बसलं. ‘त्यो वाघ बघितलाय मी,’ ते म्हणायचे. ‘ही समदी मांजरं हायती.’

आई सांगलीकडची, कृष्णाकाठची. तिच्या गावाला संकट यायचं ते पाण्याचं, आणि ते सांगून सवरून यायचं. ‘आमचा पूर लय शाना,’ ती म्हणायची. ‘आधी निरोप धाडतो, मग येतो. तुमची जमीन मातर येड्यावानी कवाबी नाचती.’ त्यावर आप्पा म्हणायचे, ‘आगं, निरोप आमीच धाडतो. पानी आमच्याच धरणाचं न्हवं का?’ हे भांडण त्यांच्या लग्नाएवढंच जुनं होतं आणि दोघांनाही ते फार प्रिय होतं.

नवी नवरी म्हणून आली तेव्हा आई प्रत्येक हादऱ्याला बाहेर पळायची. मग झोपेत कळायचं नाही म्हणून तिनं एक युक्ती केली. एका पेल्यावर दुसरा पेला पालथा, जेमतेम तोल राहील असा ठेवायचा. जमीन हलली की वरचा पेला पडणार आणि जाग येणार. पेला पडायचाही. हादऱ्यानं पडायचा, ट्रकनं पडायचा, उंदरानं पडायचा, आप्पा जोरात शिंकले तरी पडायचा. आई दर वेळी मला काखेत मारून अंगणात उभी राहायची आणि शेजारणी पदराआड हसायच्या. शेवटी एक दिवस तिनं स्वतःच तो पेला उचलला आणि पाणी प्यायला घेतला. मला कळायला लागल्यापासून तो पेला पाणी प्यायचाच होता.

आप्पांनी आपल्या परीनं आणखी एक बंदोबस्त केला. हादऱ्यात भांडी खाली पडून पोचे येतात म्हणून त्यांनी मांडणीच्या प्रत्येक फळीपुढे तार ताणून बांधली. तेव्हापासून आमची भांडी नुसती वाजायची, पडायची नाहीत. कोयनेच्या बाजूला पुष्कळ घरांत अशी तार किंवा नाडी बांधलेली असते. त्यात विशेष काही आहे असं कुणाला वाटत नाही.

आणि मग भीतीच्या जागी खेळ आला. भांडी वाजायची थांबली की हादरा किती रिश्टरचा तो आकडा बाहेरच्या खोलीतून आप्पा पुकारायचे. ‘तीन!’ आतून आई म्हणायची, ‘न्हाई, साडेतीन!’ पूर्वी दुसऱ्या दिवशी पेपरात बघायचे, पुढे मोबाइलवर बघायला लागले. जो हरेल त्यानं चहा करायचा असं ठरलेलं होतं. आई हरली तर चहा तीच करायची आणि जिंकली तरी तीच करायची, कारण आप्पांचा चहा कुणाच्या घशाखाली उतरत नसे. मी साताऱ्याहून फोन केला की आई पहिलं हेच सांगायची, आज कोण हरलं.

आई गेली ती एका उन्हाळ्यात. पुढचं मी आप्पांकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं आहे. दुपारची जेवणं झाली होती. आप्पा बाहेरच्या खोलीत खाटेवर आडवे झाले होते, टीव्हीवर बातम्या चालू होत्या. आत भांडी वाजली. नेहमीसारखीच वाजली, आधी वरच्या फळीवरची, मग खालची, आणि थांबली. आप्पांनी डोळे न उघडता आकडा पुकारला. ‘तीन!’ आतून उत्तर आलं नाही. परड्यात कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या बघायला गेली असेल असं त्यांना वाटलं. मग त्यांचा डोळा लागला.

ऊन कललं, चहाची वेळ झाली, तरी कपबशी वाजेना म्हणून ते उठले. आई मांडणीखाली पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे, आणि बोलता येत नव्हतं. अर्धांगाचा झटका होता. आप्पांचा पुकारा तिला ऐकू गेला असेल का, हा प्रश्न माझ्या मनात येतो. त्यांच्याही येत असणार. आम्ही एकमेकांना तो कधी विचारलेला नाही.

शेजाऱ्यांनी जीप काढली आणि तिला पाटणवरून कराडला नेलं. मी शिरवळहून निघाले ती सरळ दवाखान्यात पोचले. आई आतल्या खोलीत होती. डॉक्टर आप्पांना विचारत होते, ‘नेमक्या कधी पडल्या? अंदाजे तरी वेळ सांगा.’ या दुखण्यात वेळेला फार किंमत असते, लवकर आणलं तर एक इंजेक्शन देता येतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. आप्पा हात जोडून उभे होते. ते म्हणाले, ‘दुपारी हादरा बसला बगा, तवाच. हादऱ्यानंच पडली ती. तोल गेला असंल.’

वेळ हवी आहे म्हटल्यावर मी चटकन मोबाइल काढला. हादऱ्याची वेळ तिथे मिनिटासकट मिळते, आम्ही कोयनेची माणसं ते सतत बघत असतो. कोयनेच्या नावापुढे त्या दिवशी काहीच नव्हतं. आदल्या दिवशीही नव्हतं. मी पान पुन्हा उघडून बघितलं, मग आणखी एका ठिकाणी बघितलं. डॉक्टर थांबले होते.

‘आप्पा,’ मी म्हणाले, ‘आज हादरा झालेलाच नाही.’

‘आसं कसं?’ ते म्हणाले. ‘भांडी वाजली की.’

आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले, फक्त खाली आले. डॉक्टर चांगला माणूस होता. तो म्हणाला, ‘आजोबा, झटका मोठा आहे. लवकर आणलं असतं तरी नक्की काही सांगता आलं नसतं.’ आप्पांनी त्यातलं किती ऐकलं कुणास ठाऊक. आई त्या दवाखान्यातून घरी आली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी एकटीच त्या स्वयंपाकघरात उभी राहिले. मांडणी जागेवर होती. खालच्या फळीची तार मधोमध वाकलेली होती. झटका आल्यावर आईनं आधाराला मांडणी धरली असणार, आणि धरून जेवढा वेळ उभं राहता आलं तेवढा वेळ मांडणी हलत राहिली असणार. तार नसती तर ताटं-वाट्या धडाधड फरशीवर पडल्या असत्या आणि आप्पा धावत आले असते. तार होती, म्हणून भांडी पडली नाहीत, नुसती वाजली. हुबेहूब हादऱ्यात वाजतात तशी. मी ती वाकलेली तार सोडली, गुंडाळली आणि आप्पांना न दाखवता परड्यात टाकून दिली. मला तिथे मोठ्यानं रडायचं होतं, पण बाहेर आप्पा बसले होते आणि आतून कसलाही आवाज आला की ते दचकून उठत होते.

आप्पांना मी साताऱ्याला घेऊन आले. ते नको म्हणाले नाहीत. कशालाच नको म्हणत नव्हते. काही दिवसांनी मी कामावर गेले. माझ्या शेजारच्या सहकाऱ्यानं टेबल पुसून ठेवलं होतं, चहा आणून दिला. मग रिपोर्ट उघडला. मी नव्हते त्या काळात तो अजूनच लांबला होता. एका ओळीवर बोट ठेवून मी काही विचारायच्या आत तो सवयीनं बोलून गेला, ‘मॅडम, ते नेहमीचंच हाय.’

त्याला वाटलं मी आता ओरडणार, म्हणून त्यानं कान धरायला हात वर नेला, आणि माझ्याकडे बघून हात तसाच खाली घेतला. माझ्या आईचं कसं झालं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण आपण काहीतरी भलतंच बोललो एवढं त्याला समजलं. त्या दिवशी परत येताना खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. ज्या वाक्याला मी इतकी वर्षं बेजबाबदार म्हणत आले, ते वाक्य त्या दुपारी खाटेवर माझे आप्पा मनातल्या मनात म्हणाले होते. जगात त्यांच्याइतका जबाबदार माणूस मी बघितलेला नाही. वीजगृहातल्या नोकरीत मशीन तपासल्याशिवाय त्यांनी कधी सुटी घेतली नाही.

मला धास्ती होती ती त्यांच्या प्रश्नाची, आणि तो एका संध्याकाळी आला. आम्ही गॅलरीत चहा पीत होतो. समोर अजिंक्यताऱ्यावरचे दिवे लागत होते. आप्पांनी कप खाली ठेवला.

‘तू ती हापिसातली गोष्ट सांगायचीस न्हवं,’ ते म्हणाले. ‘नेहमीचंच हाय म्हणनाऱ्याला तू काय म्हणायचीस?’

मी काय म्हणायचे ते त्यांना पाठ होतं. त्यांच्यासमोरच तर हसत हसत सांगितलं होतं. मी म्हणाले, ‘आप्पा, ते ऑफिसातलं. त्याचा इथे काय संबंध?’

‘संबंध हाय. तू या कामातली हायस. इशारा खरा का खोटा, ह्यो तुझा रोजचा धंदा. म्हणून तुला इचारतोय. मी काय केलं ते सांग.’

त्यांना माझ्याकडून समजूत नको होती, निकाल हवा होता. आणि मी खोटं बोलले तर त्यांना कळलं असतं. मग मला जे खरोखर खरं वाटत होतं ते मी सांगितलं. आमच्या कामात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त आळशी माणसांच्या हाती कोलीत नको म्हणून मी ऑफिसात कधी मोठ्यानं म्हणत नसे. ‘आप्पा, जे टूल उठसूट वाजतं त्याला आम्ही चांगलं म्हणत नाही. माणसाचे कान किती दिवस टवकारलेले राहणार? शंभर वेळा काही नसताना वाजलं, की एकशेएकाव्या वेळी माणूस उठत नाही. तो दोष ऐकणाऱ्याचा धरत नाहीत. टूलचा धरतात.’

आप्पांनी नीट ऐकून घेतलं. माझ्या गोष्टी ते पूर्वी ऐकायचे तसं.

‘म्हंजे भांड्यांचा दोष व्हय?’ ते म्हणाले. ‘भांडी खोटं कवा वाजली, पोरी? जमीन हलायची तवा वाजायची. ती पडली तवा वाजली. भांडी दर बारीला खरंच बोलली. मी आपला आकडा लावत बसलो.’ मग ते म्हणाले, ‘उठून बगायला काय लागत हुतं? तिथल्या तिथं तर हुतं सैपाकघर.’

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि कपबशा आत घेऊन गेले.

पण ‘भांडी खरंच बोलली’ हे माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या आठवड्यात मी सहकाऱ्याला शेजारी बसवलं आणि रिपोर्ट वरपासून खाली काढायला सुरुवात केली. टूलचे जे नियम आमच्या कामात नुसतेच वाजत होते ते मी बंद केले. एकही नियम बंद करू देणार नाही म्हणून पूर्वी मॅनेजरशी भांडलेली बाई मीच, त्यामुळे ऑफिसात कुजबुज झाली. उरलेल्या प्रत्येक इशाऱ्यापाशी आम्ही दोघं जाऊन थांबलो, ती ओळ उघडून बघितली, आणि गप्प करायचाच असेल तर त्याच्याशेजारी लिहिलं, कुणी बघितलं आणि का गप्प केलं. न बघता एकही गप्प करायचा नाही एवढाच नियम ठेवला. या कामाला कित्येक आठवडे गेले. सहकारी एकदा म्हणाला, ‘मॅडम, तुमी आता वरडत न्हाईसा, करमत न्हाई बगा.’ मग मी त्याला आईचं सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं डोळे धुऊन आला. त्याची आईही तिकडे मिरजेला एकटीच असते.

आता आमचा रिपोर्ट एका पानाचा येतो आणि सगळेच वाचतात. त्यात एखादी नवी ओळ दिसली की माणसं खुर्ची ओढून जवळ येतात. मला याचा आनंद व्हायला हवा. होतोही थोडा. पण घरी आप्पांच्या कानांसाठी मला असं काहीच करता येत नाही. तिथे नियम बंद करायची सोय नाही.

कारण आता त्यांना सगळंच ऐकू येतं. जो माणूस आयुष्यभर हादऱ्याला कूस बदलत नव्हता, तो चमचा पडला तरी उठतो. कुकरचं झाकण, शेजाऱ्यांचा मिक्सर, गॅसवाल्याची टाकी, काहीही वाजलं की आप्पा भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात येतात, फरशीकडे बघतात, मग माझ्याकडे. ‘काय न्हाई ना?’ गुडघे दुखतात त्यांचे. डॉक्टरांनी उठबस कमी करायला सांगितली आहे. मी भांडी पुसून, कापड घालून ठेवायला लागले, स्टीलची ताटं माळ्यावर टाकली. तरी काही ना काही वाजतंच.

शेवटी त्यांनीच तोड काढली. ‘आसं करू,’ ते म्हणाले. ‘कायबी वाजलं की तू ओ द्यायची. मी हाक मारायची वाट बगायची न्हाई. वाजलं, की ओ.’ तेव्हापासून आमच्या घरात ही पद्धत आहे. वाटी सटकली की मी लगेच म्हणते, ‘ओ, आप्पा!’ ते खाटेवरूनच म्हणतात, ‘बरं.’ सासूबाई आल्या होत्या त्यांना हे विचित्र वाटलं. नवऱ्याचा फोन चालू असताना मधेच मी ‘ओ’ म्हणते तेव्हा तो पलीकडून आप्पा कसे आहेत तेवढं विचारतो. त्याला माहीत आहे. दिवसातून किती वेळा मी ओ देते, कुणी मोजलं तर हसेल. मला त्याचा कंटाळा येत नाही. कधी कधी मध्येच हात थांबतो आणि वाटतं, आईला त्या दुपारी एवढंच एक अक्षर म्हणता आलं असतं तर.

परवाच्या रविवारी सकाळी खरा हादरा बसला. मी आणि आप्पा हॉलमध्ये समोरासमोर बसलो होतो, मी कोथिंबीर निवडत होते, ते पेपर वाचत होते. आधी पंखा डुलला, मग दारं कडकड वाजली, आणि मग आतली भांडी. कोयनेत ज्याला आम्ही मोजलंही नसतं असा नव्हता, चांगला होता. जिन्यात धावपळ सुरू झाली, कुणी तरी ओरडलं, ‘खाली चला!’ मी म्हणाले, ‘ओ, आप्पा, मी इथेच आहे,’ आणि त्यांचा हात धरून दाराकडे निघाले.

त्यांनी हात सोडवून घेतला. मी समोर उभी होते, त्यांच्या डोळ्यांपुढे होते, घरात आम्हा दोघांशिवाय तिसरं कुणी नव्हतं. तरी ते भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेले. भांडी अजून वाजत होती. मी दारात पोचले तेव्हा ते मांडणीसमोर उभे राहून खाली बघत होते. ओट्याखाली बघितलं, कोपऱ्यात बघितलं. मग भांडी थांबली. आप्पा आणखी थोडा वेळ तिथे उभे राहिले आणि म्हणाले, ‘चल.’

खाली सगळी इमारत जमली होती. माणसं मोबाइल काढून आकडा शोधत होती. आमच्या इमारतीत आप्पांना कोयनेचे म्हणून मान आहे, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, ‘आप्पा, तुमी तर लय बघितल्यात. कितीचा असंल वो?’

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. माझ्या मोबाइलवर आकडा आला होता, मी तो पदराखाली झाकला. आप्पांनी धाप लागलेला श्वास जरा खाली बसू दिला.

‘आकडा न्हाई माहीत मला,’ ते म्हणाले. ‘पन मी आत जाऊन बगून आलोय. कुनी पडल्यालं न्हाई.’